आधी आठव, मग काळजी कर

अगं, तुझा मेसेज वाचला. नवऱ्याचं कंत्राट संपलं, पुढच्या कामाचा पत्ता नाही, थोरलीच्या फीची मुदत जवळ आली, आणि त्यातच सासूबाईंच्या अँजिओग्राफीची तारीख. एवढं सगळं लिहून शेवटी म्हणालीस, देव आहे हे कळतंय ताई, पण आत्ता आधार वाटत नाही. वर त्याची माफीही मागितलीस. ती मागायची गरज नव्हती. हे असं देवाच्याच तोंडावर बोललेली कितीतरी स्तोत्रं आपल्या पवित्र शास्त्रात आहेत आणि रविवारी उभं राहून आपणच ती वाचतो.

तुला एक काम सांगते. फी, हप्ता, हॉस्पिटल यावरही बोलू, पण हे आधी. रात्री ओटा आवरून झाला, मुलं झोपली, की एक वही घेऊन बस. आजवर देवानं तुला कुठून कुठून बाहेर काढलं ते लिही. नुसतं मनात आणून भागायचं नाही, लिहायचं. तू म्हणशील, ते सगळं माहीतच आहे मला. बघ, तिथंच तर गोम आहे. माहीत असणं आणि गरजेच्या वेळी हाताशी असणं यात फार अंतर पडतं. हाताला बसलेला चटका वर्षानुवर्षं लक्षात राहतो, पण त्याच तव्यावर रोज झालेल्या पोळ्या कुणी मोजत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढ. शिष्य होडीत बसलेत आणि भाकरी घ्यायला विसरलेत. सगळ्यांत मिळून एकच भाकरी. येशू त्यांना परूशी आणि हेरोद यांच्या खमिरापासून सांभाळा म्हणून सांगतो, आणि यांचं लक्ष कुठे, तर शिदोरीत. आपण भाकरी आणली नाही म्हणूनच हा असं बोलतोय, अशी त्यांची आपापसांत कुजबुज. मला ही माणसं फार जवळची वाटतात गं. प्रवासाला निघाल्यावर डबा राहिल्याचं लक्षात आलं की आपलंही दुसऱ्या कशात मन लागत नाही.

आता येशू काय करतो ते बघ. तो प्रश्न विचारतो. पाच हजारांना पाच भाकरी वाटल्या, तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्यात? ते म्हणतात, बारा. आणि चार हजारांना सात वाटल्या तेव्हा? सात. उत्तरं अचूक! आकडा कुणीही चुकलेला नाही. टोपल्या त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलल्या होत्या, विसरतील कशा? तरीही त्या बारा टोपल्यांचा या एका भाकरीशी काही संबंध आहे, हे त्यांच्या डोक्यात येत नाही. ज्यानं ते केलं तो त्याच होडीत त्यांच्या शेजारी बसलाय, हेही नाही.

खरं सांगू का, हा भाग मी कितीतरी वेळा वाचलाय, आणि दरवेळी मला वाटतं की येशूनं तो आकडा मुद्दाम त्यांच्याच तोंडून वदवून घेतला. त्याला तो माहीत नव्हता थोडाच? पण आपण केलेला, पाहिलेला हिशोब आपल्याच तोंडून निघाला की तो कानावर पडतो. वहीत लिही म्हणते ते याचसाठी. आणि अजून एक. त्या होडीत पुढे भाकरीचं काय झालं, हे मार्कानं सांगितलेलंच नाही. नवा चमत्कार झाल्याची नोंद नाही. तुम्हाला अजून समजत नाही का, या प्रश्नावर तो प्रसंग थांबतो आणि होडी बेथसैदाला लागते.

तर लिहायला बसशील. पहिल्या रात्री बरं वाटेलच, असं मी तुला सांगणार नाही. उलट जास्त रडू येईल, कारण आधीचे चांगले दिवस आठवले की आत्ताचे आणखी बोचतात. तसं झालं तर वही मिटून ठेवू नकोस. सत्त्याहत्तरावं स्तोत्र उघड. ते आसाफाचं. त्याला रात्री झोप नाही, हात पसरलेले, जिवाचं समाधान होत नाही, आणि देवाची आठवण काढली तर कण्हायला होतंय. तुझ्या मेसेजपेक्षा त्याची भाषा कडक आहे, बघशीलच. प्रभूनं आपल्याला कायमचं टाकलं का, त्याची दया संपली का, तो कृपा करायचं विसरला का, असे एकामागून एक प्रश्न तो विचारतो. आणि मग, परिस्थिती तसूभरही बदललेली नसताना, तो ठरवतो की आता मी परमेश्वराची पूर्वीची कृत्यं आठवीन. वाटलं म्हणून आठवलं, असं नव्हे. ठरवून बसला तो.

आणि आठवतं काय? स्वतःच्या घरातलं काही नाही. तो थेट लाल समुद्रापाशी जातो. इस्राएल लोक मिसरातून निघाले, पाणी दुभंगलं, मोशे आणि अहरोन यांच्या हातून देवानं कळपासारखं आपल्या लोकांना नेलं. आसाफाच्या काळी ती गोष्ट कित्येक पिढ्यांमागची झाली होती. म्हणजे स्वतःचं गाठोडं रिकामं वाटत असेल, तर कुटुंबाचं घ्यावं, मंडळीचं घ्यावं. ते आपलंच असतं. तुझ्या सासूबाईंना विचार ना एकदा, तरुणपणी त्यांनी काय काय काढलं ते. हॉस्पिटलच्या बाकावर नंबर यायची वाट बघत बसाल, तेव्हा दोघींनी मोबाइलमध्ये डोकं घालण्यापेक्षा हे बरं. त्यांच्याही मनातली धडधड कमी होईल.

आसाफाचं स्तोत्र समुद्रापाशीच संपतं, आणि त्याचं स्वतःचं दुखणं मिटलं की नाही, याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच मला ते खरं वाटतं.

आता रमाबाईंचं ऐक. पंडिता रमाबाई आपल्याच, पण आपण त्यांचं नाव जयंतीला घेतो आणि पुढे जातो. लहानपणापासून त्या आई-वडील आणि भावंडांबरोबर तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरल्या. दक्षिणेत दुष्काळ पडला, त्यात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. १८८० साली भाऊ गेला. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२ साली नवराही गेला. इतकं सगळं होईपर्यंत त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा झाला १८८३ साली, इंग्लंडात वाँटेज इथे. पुढे त्यांनी आपली साक्ष लिहिली, तेव्हा या उपासमारीच्या वर्षांचंही सगळं मांडलं. प्रभूला ओळखत नव्हते, तेव्हासुद्धा तोच मला राखत होता, असं त्यांना मागे वळून पाहताना दिसलं. तूही वही लिहिताना ही सोय घे. एखादी गोष्ट घडली तेव्हा ती तुला नशीब वाटली असेल, योगायोग वाटला असेल, एखाद्या भल्या बाईचा चांगुलपणा वाटला असेल. आज त्यात देवाचा हात दिसत असेल तर लिही. उशिरा ओळख पटली म्हणून उपकार शिळा होत नाही.

पण रमाबाईंची आठवण तिथेच संपली नाही, आणि तुला सांगायचा मुद्दा तोच आहे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे या बाईंना कुणी शिकवायला नको होतं. आपल्याला वाचवलं गेलं हे त्या विसरल्या नव्हत्या, म्हणून घरी बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी आधीच जमीन घेतली होती, तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. इतक्या जणींना खायला काय घालायचं? त्या आधी त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचं पुस्तक वाचलं होतं, चीनमधल्या हडसन टेलर यांच्या मिशनचंही वाचलं होतं, आणि त्याचा आपल्यावर मोठा परिणाम झाला हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

म्युलरसाहेबांचं तर अख्खं आयुष्यच वहीत आहे. १८३६ साली त्यांनी ब्रिस्टलमध्ये पहिलं अनाथघर काढलं, आणि पुढे त्यांच्या घरांतून दहा हजारांवर मुलं वाढली. ते कुणाकडे पैसे मागायचे नाहीत, प्रार्थना करायचे, आणि काय मागितलं, काय मिळालं याची बारीकसारीक नोंद ठेवायचे. त्यातला पहिला भाग १८३७ मध्ये छापून निघाला. आता गंमत बघ, ब्रिस्टलच्या एका माणसानं पै-पैचा हिशोब लिहिला, आणि साठेक वर्षांनी तो केडगावच्या माळावर भाकरीच्या चिंतेत असलेल्या मराठी बाईला धीर द्यायला उपयोगी पडला. तुझी वही कोण वाचेल, हे आज तुला सांगता येणार नाही, मलाही नाही.

तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. ज्या वेळी देवानं मदत केली नाही, त्याचं काय? हे तू विचारलंच पाहिजेस. न विचारता लिहिलेली वही खोटी होते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारतो आणि मग पेत्राला पकडतो. पेत्रासाठी मंडळी प्रार्थना करते, देवदूत येतो, साखळ्या गळतात, दार उघडतं. याकोबाकडे देवदूत आला नाही. राजा तोच, गाव तेच, मंडळीही तीच. मग देव याकोबाला विसरला होता? लूकानं कारण दिलेलं नाही, मीही बनवून देणार नाही. पण दोन्ही गोष्टी त्यानं एकाच अध्यायात, एकाखाली एक लिहिल्या, आणि पेत्राची तेवढी ठेवून याकोबाची वगळली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या साक्षीच्या सभांत मात्र नुसत्या उघडलेल्या दारांच्या गोष्टी सांगतात. नोकरी मिळाली, घर झालं, रिपोर्ट नॉर्मल आला. जिचा रिपोर्ट नॉर्मल आला नाही ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसते. हे मला मान्य नाही, आणि मी ते पाळकांनाही सांगितलंय.

माझे बाबा आजारी होते, तेव्हा आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, आणि बाबा गेले. माझ्या वहीत ते आहे. त्याच पानावर हेही आहे, की शेजारच्या काकू न सांगता रोज डबा आणायच्या, रात्रपाळीची नर्स बाबांशी त्यांच्या लहानपणीच्या गावाबद्दल बोलत बसायची, आणि शेवटच्या आठवड्यात बाबांना मरणाची भीती उरली नव्हती. मी मागितलेलं मिळालं नाही. पण आम्ही एकटे नव्हतो. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलंय.

पौलाकडे बघ. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो सांगतो की आशिया प्रांतात आमच्यावर असं संकट आलं की जगण्याचीही आशा आम्ही सोडली होती. त्या मरणातून देवानं सोडवलं, तो सोडवील, पुढेही सोडवील, असा त्याचा भरवसा. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो कैदेत आहे, पहिल्या सुनावणीला सोबतीला कुणी उभं राहिलं नाही, आपली जायची वेळ आली हे त्याला कळून चुकलंय. तरी तिथेही तो आधी मागचं आठवतो, की प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, आणि मग पुढचं म्हणतो, की प्रभू मला आपल्या राज्यात सुखरूप नेईल. या खेपेला तुरुंगाचं दार उघडेल, असं तो म्हणत नाही. मागच्या वेळी जे घडलं तसंच याही वेळी घडेल, असा हिशोब आपण मांडला तर फसू. मागच्या वेळी जो बरोबर होता तोच याही वेळी आहे, एवढा हिशोब पक्का. नवऱ्याला पंधरवड्यात नोकरी लागेल की सहा महिन्यांत, हे मला ठाऊक नाही बाई. लागेलच म्हणून खोटा धीर देणारी ताई तुला नको आहे.

या भरवशाचं मूळ आपल्या वहीतही नाही, हे ध्यानात ठेव. वही हरवली, डोकं चालेनासं झालं, म्हातारपणी नावं आठवेनाशी झाली, तर काय आपला आधार संपला? म्हणून तर प्रभुभोजन आहे. धरून दिला गेला त्या रात्री येशू वल्हांडणाच्या जेवणाला बसला होता. ते जेवणच मुळी मिसरातून सुटल्याच्या आठवणीचं. त्यानं भाकर मोडली, प्याला दिला, आणि माझ्या आठवणीसाठी हे करा म्हणून सांगितलं. तू मेजापाशी जातेस तेव्हा काही बोलावं लागत नाही, सिद्ध करावं लागत नाही. हात पुढे करायचा. ज्यानं स्वतःचा पुत्र राखून ठेवला नाही, तो तुला वाऱ्यावर सोडेल का, हा पौलाचा रोमकरांना विचारलेला प्रश्न. माझा सगळा भरवसा शेवटी त्यावर आहे. तू गेले दोन महिने मंडळीत दिसली नाहीस. लोक नवऱ्याच्या कामाचं विचारतील म्हणून टाळत असशील, समजतं मला. पण या रविवारी ये. माझ्या शेजारी बस, विचारणाऱ्यांना मी बघून घेईन.

आता वहीचं. फार सजवून लिहू नकोस. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा म्हणावी अशी मिळाली नव्हती, पण घरात बोलतात तशा मराठीत त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. १८९५ साली त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपण कशा मोडून पडलो, हेही त्यांनी लपवलं नाही. स्वतः लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या वर्षांतलं रडणं, भांडणं, ताटातूट सगळं त्यात आहे, आणि म्हणून पुढची शांती वाचताना विश्वास बसतो. तूही तसंच लिही. तारीख आठवत असेल तर तारीख, नाहीतर पावसाळा होता की परीक्षेचे दिवस होते ते. किती पैसे कमी पडत होते, कुणी आणून दिले, तू तेव्हा काय बोललीस. 'प्रभूनं आशीर्वाद दिला' एवढ्यावर थांबलीस तर वर्षभरानं तुलाच कळणार नाही की कशाबद्दल लिहिलं होतं. धाकट्याच्या वेळी तुला रक्त लागलं होतं आणि तरुण संघातली पोरं रांगेत उभी राहिली होती, ते तर पहिल्या पानावर यायला हवं. मी तिथं होते. विसरलीस का?

आणि मुलांना सांग. यार्देन ओलांडल्यावर यहोशवानं नदीच्या पात्रातून बारा धोंडे आणून गिलगाल इथे उभे केले, ते मुलांनी पुढे कधीतरी 'हे काय आहे' म्हणून विचारावं, यासाठी. थोरली आता मोठी झाली, घरात काय चाललंय ते तिला कळतं. तिच्यापासून लपवून कुजबुजत बसण्यापेक्षा जेवताना तिला तुझ्या बाबांची गिरणी बंद पडली तेव्हाची गोष्ट सांग. तुम्ही ते दिवस कसे काढले, आजीनं काय शिजवलं, कोण उभं राहिलं. मुलांना पैशाच्या अडचणीपेक्षा आईबापांच्या चेहऱ्यांची भीती जास्त वाटते.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं एक राहिलंच. मिस्पाजवळ पलिष्ट्यांचा पराभव झाला तेव्हा शमुवेलानं एक धोंडा उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे मदतीचा धोंडा, असं नाव दिलं, हे आपण रविवारच्या शाळेत शिकलो. पण तेच नाव त्या पुस्तकात चौथ्या अध्यायातही आहे, आणि तिथली गोष्ट पराभवाची. इस्राएलांची छावणी एबन-एजरला होती, तीस हजार माणसं पडली, कराराचा कोश शत्रूनं नेला, एलीची दोन्ही मुलं मेली. मधे वीस वर्षं गेली, लोकांनी मूर्ती टाकल्या, उपास केला, रडले. जे नाव ऐकून लोकांच्या पोटात गोळा येत असेल, तेच शमुवेलानं देवाच्या मदतीच्या खुणेला दिलं. तुझ्या नवऱ्याची गेल्या खेपेला नोकरी गेली तेव्हा जे झालं, ते तुम्ही दोघं बोलत नाही, मला माहीत आहे. तेही पान लिही. एकदम नाही, जमेल तेव्हा.

आणि हे सगळं करायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही हं. रमाबाई बसल्या नव्हत्या. सोमवारी शाळेच्या ऑफिसात जाऊन फी हप्त्यानं भरता येईल का विचार, लेखी अर्ज दे. बँकेचा हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, नंतर नको. सासूबाईंचं रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घाल, आणि सरकारी योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या मदतकक्षात विचार. अँजिओग्राफीच्या दिवशी मुलांना माझ्याकडे सोड, शाळेचे डबे मी करीन. नाही म्हणू नकोस. तुझ्या वहीत पुढे लिहायला काहीतरी नको का?

आज रात्री निदान एक पान लिही, आणि रविवारी येताना वही घेऊन ये.